सदाफुलीच्या नावावरून फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

आठवडाभर आमच्या बेळगावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, गल्लीच्या पण आणि पाहुण्यांच्या पण. म्हणे सदाफुली म्हणजे ग्रंथातली 'सदापुष्प', नावातच 'सदा' म्हणजे माणसाला सदा निरोगी ठेवणारी, कन्नडात तिला काशी कणगिले म्हणतात म्हणजे काशीहून आलेली पवित्र वनस्पती, आणि कॅन्सरचं औषध तिच्यापासूनच करतात, तर रोज सकाळी पाच पानं चावून खा आणि शुगरची गोळी बंद करा. शेजारच्या काकूंनी खरंच चार दिवस गोळी घेतली नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

ग्रंथाचं आधी बघू. सदापुष्प हा शब्द 16व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे, ते खोटं नाही, पण तिथं तो पांढऱ्या रुईच्या नावांमध्ये आलाय, मारुतीला शनिवारी जिच्या पानांची माळ घालतो ती रुई. सदा फुलणारं ते सदापुष्प, शब्दाचा अर्थ एवढाच, मग तो कुठल्याही बारमाही फुलणाऱ्या झाडाला लागू शकतो की. नाव जुळलं म्हणून झाड एक होत नाही. आपल्या दारातली गुलाबी सदाफुली मूळची मादागास्करची, तिथून लोकांनी ती जगभर नेली, लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1759 साली तिला विंका रोझिया नाव दिलं आणि पुढे ते कॅथरॅन्थस रोझियस झालं. नर्सरीत रोप मागितलं की अजून 'विंका' म्हणूनच हातात देतात ते त्या जुन्या नावामुळे. भारताची स्वतःची एक बारकी जात आहे, पांढऱ्या फुलांची, शेतात तणासारखी उगवणारी, पण मेसेजमधला फोटो तिचा नाही, गुलाबी फुलाचाच आहे.

'सदा' म्हणजे सदा निरोगी? अहो, ते फुलण्याबद्दल आहे, खाणाऱ्याबद्दल नाही. आणि खानापूरकडच्या जुलैच्या पावसात कुंडीत पाणी साचलं तर तीच सदाफुली मुळातून कुजते, तापलेल्या कट्ट्याच्या फटीत मात्र पाण्याविना तग धरते.

आता काशी. नावात काशी असलं म्हणजे झाड काशीचं असं धरायचं झालं तर आपलं काशीफळ घ्या, तो लाल भोपळा, तो तर मूळचा अमेरिका खंडातला. आणि मेसेज लिहिणाऱ्याने 'काशी' पकडलं पण 'कणगिले' सोडून दिलं, खरं महत्त्व त्या शब्दाला आहे. कणगिले म्हणजे कण्हेर. कण्हेर आणि सदाफुली एकाच कुळातली, रुई पण आता त्याच कुळात धरतात, आणि तिघीही विषारी. आमच्या मागच्या घरातल्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या की कणगिले आहे ती, देवाला घालायची, तोंडात नाही, आमची आजी असंच सांगायची. म्हणजे ज्या नावाचा मेसेजवाल्याने आधार घेतला तेच नाव सांभाळून राहा म्हणतंय.

कॅन्सरचं औषध ही गोष्ट मात्र खरी आहे आणि म्हणूनच माणसं फसतात. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन औषधं याच झाडातून मिळाली, रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना विनक्रिस्टिन आजही देतात. पण ते शुद्ध केलेलं, शिरेतून, डॉक्टरच्या नजरेखाली, आणि एका वेळचा डोस मोठ्या माणसाला सुद्धा साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत कारण मज्जातंतूंना इजा होते. एक ग्रॅम विनब्लास्टिनला सुमारे 500 किलो वाळलेला पाला लागतो. पाच पानांतून औषधाचा डोस मिळत नाही, पण बाकीची सगळी कच्ची द्रव्यं पोटात जातात, आणि त्यात काय किती आहे ते कोणी मोजलेलं नसतं.

शुगरचं तर ऐकाच. 1950च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर या दोन संशोधकांनी हे झाड तपासायला घेतलं ते शुगरसाठीच, जमैकात लोक त्याचा काढा घेत होते म्हणून. उंदरांना तोंडावाटे अर्क दिला तर रक्तातल्या साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही, इंजेक्शनने दिला तर पांढऱ्या पेशी कमी होऊन उंदीर इन्फेक्शनने मेले. त्या पेशी का कमी झाल्या हे शोधतानाच कॅन्सरचं औषध हाती लागलं. म्हणजे मेसेजमध्ये जे दोन फायदे एकत्र बांधलेत त्यातला शुगरचा तिथंच निकालात निघाला होता.

काकूंना हे सगळं बसून सांगितलं, अक्कांनी पण सांगितलं. काल रात्रीपासून गोळी परत सुरू केलीय, उद्या सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला त्यांना घेऊन जाणार आहे.