हात पोळला म्हणजे लॅपटॉप जळाला असं नाही

“लॅपटॉप वाचवा, पुढे पाठवा” अशा मथळ्याचा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा पाठवणारा माणूस चांगला शहाणासुरता होता. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉप ५० अंशांच्या वर गेला की आतले भाग वितळू लागतात. म्हणून तो अधूनमधून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खाली ओलं फडकं घाला. चार्जर लावून वापरू नका. दर आठवड्याला व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. कूलिंग पॅड, म्हणजे खाली ठेवायची पंख्यांची पाटी, घ्या, थंड करणारं ॲप टाका. थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिच्यावरचं तांबं यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप, दर तीन महिन्यांनी बदला, नसेल तर टूथपेस्टही चालते. आणि दर दोन तासांनी मशीन बंद करा.

यातल्या बहुतेक सूचनांमध्ये कणभर तथ्य आहे. सगळंच खोटं असतं तर कुणी पुढे पाठवलं नसतं.

आधी ते ५० अंशांचं बघू. नुसतं काहीतरी वाचत बसलात तरी लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, ४० ते ६० अंशांच्या आसपास असतो. व्हिडिओचं संपादन किंवा गेम सुरू केला की ८०-९० पर्यंत जाणं नेहमीचंच. बनवणाऱ्यांनी ठरवलेली कमाल मर्यादा बहुतेक मॉडेलांत ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांना ती १०० आहे. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच आपली गती उतरवते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन सरळ बंद पडतं. राहिला प्रश्न वितळण्याचा. बोर्डावरचे सुटे भाग ज्या शिसेविरहित सोल्डरनं जोडलेले असतात, ते वितळायला साधारण २१७ अंश लागतात. तिथवर पोचायच्या कितीतरी आधी मशीननं हात टेकलेले असतात.

गोंधळ होतो तो हाताच्या तळव्यामुळे. ४५ अंशांची वस्तू तळव्याला चांगलीच तापलेली वाटते, पण चिपसाठी ते निवांत बसल्याचं तापमान आहे. शिवाय बाहेरचं कवच आणि बाजूच्या जाळीतून येणारी हवा गरम लागतेय याचा अर्थ आतली उष्णता बाहेर पडतेय. लॅपटॉपमध्ये थंडावा निर्माण करणारं काहीच नसतं. तांब्याची चपटी हीट पाइप असते. तिच्यात कमी दाबाखाली कोंडलेलं थोडंसं पाणी चिपजवळ उकळतं आणि दुसऱ्या टोकाला, पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी, पुन्हा पाणी होऊन परततं. पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलतो. सगळा कारभार उष्णता वाहून नेण्याचा आहे, आणि बिघाडही बहुतेक वेळा या वाटेवरच कुठेतरी होतो.

तो कुठे झालाय हे हातानंच बऱ्यापैकी कळतं. तापमान दाखवणारं एखादं साधं ॲप उघडा, मशीनला काम द्या आणि जाळीपाशी हात धरा. हवा कढत पण क्षीण येत असेल तर पत्र्यांत धूळ अडकली असण्याची शक्यता जास्त. हवा जोरात पण कोमट येतेय आणि आकडा मात्र ९५ वर टेकलाय, तर उष्णता चिपपासून पाइपपर्यंतच नीट पोचत नाहीये. तिथे संशय पेस्टवर घ्यायचा. पॅड, ॲप, फडकं वगैरेंवर पैसे आणि वेळ घालवण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी केलेली बरी.

आता फ्रिज. खोलीतली हवा १० अंशांनी थंड झाली तर पंख्याची गती तीच असताना चिपही साधारण तेवढीच थंड होते, हे खरं. त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवल्यावर आकडा खाली येतोच आणि माणसाला वाटतं, उपाय लागू पडला. पण ३० अंश तापमानाच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू जवळपास २४ अंश असतो. म्हणजे त्या खोलीत २४ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. फ्रिजमधून ४-५ अंशांवर आलेला लॅपटॉप बाहेर काढला की गार बाटलीवर जसे थेंब जमतात तसेच ते बोर्डावर, बॅटरीच्या जोडणीवर, पडद्याच्या आत जमणार, आणि तुम्ही तर लगेच बटण दाबणार. ओल्या फडक्याची गत वेगळी नाही. बहुतेक लॅपटॉप हवा खालूनच ओढतात, तिथेच आपण बोळा कोंबतो, वर दमटपणा फुकट. बर्फाच्या पिशवीबद्दल न बोललेलंच बरं.

“चार्जर लावून वापरू नका” या सूचनेमागचं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चुकलंय. चार्जर काढला की मशीन थंड होतं ते अनेक लॅपटॉप बॅटरीवर असताना प्रोसेसरला मिळणारी वीज कमी करतात म्हणून. बॅटरी पूर्ण भरल्यावर चार्जिंग थांबतं आणि मशीन अडॅप्टरच्या विजेवर चालतं. बॅटरीत सतत वीज कोंबली जातेय असं होत नाही. मात्र लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि कायम १०० टक्के भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते. त्यावर उपाय म्हणजे सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवणं. ही सोय आता बऱ्याच मशीनमध्ये आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र हे काही वाचत बसू नका. मशीन बंद करा आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्या.

व्हॅक्यूम क्लीनर नकोच. त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते, पंखा नको तेवढ्या वेगानं फिरतो आणि मुख्य म्हणजे बाहेरून ओढून ती धूळ निघत नाही. मी पहिल्यांदा एका मित्राचा चार वर्षं वापरलेला लॅपटॉप उघडला तेव्हा बाहेरच्या जाळ्या स्वच्छ होत्या. पंखा आणि तांब्याचे पत्रे यांच्या मधल्या फटीत मात्र नमद्यासारखा दाट, राखाडी पट्टा बसला होता. चिमट्यानं धरून अख्खाच्या अख्खा उचलला. धूळ साचते ती तिथे. खालचं झाकण काढायचं, बॅटरीची जोडणी सोडवायची, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं आणि दाबाच्या हवेचे छोटे छोटे झोत मारायचे. वर्षातून एकदा पुरतं. घरात केसाळ प्राणी असतील तर दोनदा.

कूलिंग पॅडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हवा आत घेणाऱ्या जाळ्या खाली असतील आणि पॅडचे पंखे नेमके त्यांच्याखाली येत असतील तर काही अंशांचा फरक पडतो. मागची बाजू दोन बोटं उचलून खाली काहीतरी टेकू दिला तरी त्यातला बराचसा फायदा पदरात पडतो. गादी आणि उशी मात्र टाळाच. आणि मांडीवर रोज तासन्तास ठेवत असाल तर काळजी लॅपटॉपची नको, कातडीची करा. मंद उष्णता सतत लागून त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘एरिथिमा अ‍ॅब इग्ने’ म्हणतात.

थंड करणारं ॲप ही निव्वळ थाप. ॲप पंख्याचा वेग वाढवू शकतं किंवा काम कमी करू शकतं, तिसरं काही नाही. रॅम ‘साफ’ करून तर प्रोसेसरला पुन्हा सगळं भरून घ्यायचं जादा काम लागतं. तरी सॉफ्टवेअरला यात काहीच स्थान नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ च्या जुलैमध्ये नवे मॅकबुक प्रो कामाच्या ताणाखाली फारच मंदावतात अशी ओरड झाली, आणि दोष निघाला तापमान सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. ॲपलनं अपडेट दिला आणि मशीनं सुधारली. आपल्या हातातलं सर्वांत परिणामकारक बटणही सेटिंगमध्येच आहे. चिपची वीज गतीच्या प्रमाणात वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. गती आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी उतरले तर त्या हिशेबानं वीज २७ टक्क्यांनी घटते. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमधलं ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ केलं की बऱ्याच मशीनवर टर्बो, म्हणजे चिपनं नेहमीच्या गतीच्या वर मारलेली उडी, बंद होतो आणि पंखा गप्प बसतो. लिहिण्यावाचण्याच्या कामात फरक जाणवतसुद्धा नाही.

टूथपेस्टचा सल्ला इतका टिकलाय याचं कारण तो खरोखर चालतो. काही दिवस. चिप आणि तांबं डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. हवा तांब्याच्या तुलनेत उष्णता सुमारे १५ हजार पटींनी कमी वाहते. त्या फटी कशानंही भरल्या तरी सुधारणा दिसणारच, मग ती टूथपेस्ट का असेना. पण तिच्यातलं पाणी उडून जातं, थर वाळून तडकतो आणि फटींत पुन्हा हवा शिरते. वर ते खरवडून काढायचं काम वाढतं. खऱ्या पेस्टलाही दर तीन महिन्यांनी हात लावायची गरज नाही. ती काही वर्षं टिकते, आणि वरची हाताची तपासणी तिच्याकडे बोट दाखवेल तेव्हा बदलावी. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू असतो. तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. आत चकचकीत पाऱ्यासारखं काही दिसलं तर झाकण परत लावा आणि जाणकाराकडे जा.

शेवटची सूचना दर दोन तासांनी बंद करण्याची. उष्णता काही रांजणातल्या पाण्यासारखी साचत जात नाही. ठरावीक कामावर मशीन थोड्याच वेळात एका आकड्यावर स्थिरावतं आणि मग दोन तास काय, दहा तास काय, आकडा जवळपास तोच राहतो. बंद करायचा सल्ला एकाच ठिकाणी लागू आहे आणि नेमकं तेच संदेशात नाही: बॅगेत घालताना. झाकण मिटलं की आजचे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत. मेल बघायला, अपडेट उतरवायला मधूनच जागे होतात. टेबलावर त्यानं काही बिघडत नाही. बंद बॅगेत हवेला जायला जागाच नसते, आणि तासाभरानं बॅग उघडली की आत हात घालवत नाही. प्रवासाला निघताना मशीन हायबरनेट करा (चालू काम साठवून पूर्ण बंद) नाहीतर शटडाउन, आणि पंख्याचा आवाज थांबला की मगच चेन ओढा.