दहा शाबूत बोटांची लाज

खिडकीच्या जाळीतला एक बोल्ट गंजून बसला होता. एकच. तो कापायला ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड कापायचं मशीन, घ्यायचं ठरवलं. घरी तसं जाहीर केल्यावर "आहे तो मिक्सर चांगला चाललाय की" असं उत्तर आलं, ते सोडून देऊ.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "किती इंची?" मी बोटांच्या चिमटीत बोल्टचं माप दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. शेजारी उभे असलेले एक काका मात्र हसले, तेही खदाखदा. मग ते माझ्याकडे पूर्ण वळले आणि पुढची वीस मिनिटं माझी राहिली नाहीत.

"इंच बोल्टचे नसतात हो, चकतीचे असतात. चार, साडेचार, पाच, सात, नऊ. घरात वापरणार की धंद्याला?"

"घरात."

"हात दाखवा."

मी दाखवले. का दाखवले, देव जाणे. शाळेत नखं तपासायचे तेव्हाही असाच मुकाट पुढे करायचो. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, "च्च" केलं आणि स्वतःचा डावा पंजा काउंटरवर ठेवला. तर्जनी दुसऱ्या पेरापाशीच संपलेली.

"याला अनुभव म्हणतात."

आता यावर काय बोलणार? माझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि मला त्यांची लाज वाटायला लागली. काउंटरवाल्यानेही गंभीरपणे मान डोलावली.

"मशीन चार इंची घ्या," काका म्हणाले. "पण चकत्या पाच इंची. जास्त खोल जातात."

"बसतील?"

"चकतीवरचं ते पत्र्याचं गार्ड काढून टाकायचं. मी तर सात इंचीसुद्धा लावतो."

"मग गार्ड असतं कशाला?"

"कंपनीच्या वकिलांसाठी."

तो पॅडलचा स्विचही त्यांनी नापास केला. सारखा दाबून धरावा लागतो, हात भरून येतो म्हणे. हात सुटला की मशीनची वीज तुटावी म्हणूनच तो तसा असतो, हे मला रात्री कळलं. रात्री मला बरंच काही कळलं. दुपारी मात्र मी सरकवायच्या स्विचचं चार इंची मशीन आणि पाच इंची चकत्यांचं दहाचं पाकीट घेऊन, काकांचे आभार मानून घरी आलो. आभार मानले, हे जास्त झोंबतंय.

चकती बसेना. चार इंचीचं भोक १६ मिलिमीटरचं असतं, पाच इंचीचं २२ मिलिमीटरहून किंचित मोठं. बापाची अंगठी पोराच्या बोटात घालावी तशी ती लटलट हलत होती. बरं झालं हलली, नाहीतर उद्या काकांचं ऐकून सात इंचीही लावली असती. चार इंची मशीन मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतं आणि काकांच्या लाडक्या सात इंची चकतीवर मर्यादा छापलेली असते सुमारे ८,५०० ची. त्या मर्यादेलाच तिची कडा सेकंदाला ८० मीटर पळते, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. त्यापुढे नेली की तिचे तुकडे होऊ शकतात, आणि वाटेत वकिलांसाठी ठेवलेलं ते पत्र्याचं टोपणही नाही.

हे सगळं चकतीवर लिहिलेलं असतं, बरं का. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत! भोकाभोवतीच्या कडीवर वापराची मुदतसुद्धा असते, कारण चकतीचे कण चिकटवून ठेवणारं आतलं रेझिन जुनं होतं. ती तारीख वाचायला मी चष्म्यावर भिंग धरलं. खोक्यावर वॅट मात्र दोन बोटं जाड आकड्यांत. ज्याने माणूस मरेल ते बारीक आणि ज्याने माल खपेल ते ठळक, ही कुठली रीत? आणि काउंटरवाला? त्याला माहीत नव्हतं? पातळ चकतीने फक्त कापायचं, तिच्या बाजूने घासायचं नाही, एवढंसुद्धा तो बोलला नाही. मान डोलावली फक्त.

दुसऱ्या दिवशी तणतणत गेलो.

"पाच इंची कोणी सांगितल्या?" काउंटरवाल्याने विचारलं.

"तुमच्यासमोर ते काका नव्हते का? बोट तुटलेले?"

"ते होय! ते रंगाचे ब्रश न्यायला येतात. बोट गाडीच्या दारात चेंगरलं त्यांचं."

"मग तुम्ही मान का डोलावलीत?"

"जुनं गिऱ्हाईक आहे."

फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत. चार इंची चकत्या पुन्हा विकत घेतल्या, गार्ड जागेवर ठेवलं, सुरक्षेचा चष्मा लावला आणि बोल्ट कापला. सात सेकंद. मग कोणीतरी म्हणालं, हे तर हातातल्या हॅक्सॉ करवतीनेही झालं असतं.

त्या दहांपैकी एक चकती सध्या टेबलावर माझ्या कपाखाली आहे. माप अगदी बरोबर बसतं. टेबलावर चरे पडतात, तेवढंच.