लॉनवरचा प्रत्येक पिवळा डाग बुरशीचा नसतो

हिरवळीवर डाग दिसू लागले की एक ठरावीक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा: गवतावर गोल पिवळे डाग पडले म्हणजे बुरशी लागली. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फवारा, वर युरिया टाका, रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी द्या, गवत अगदी बारीक कापा. एवढ्याने भागलं नाही तर मिळेल ते बुरशीनाशक मारा, आठवड्यात लॉन पूर्ववत. यातली एकदोन वाक्यं एखाद्या रोगाला लागूही पडतात, म्हणूनच हा मजकूर टिकून आहे.

‘गोल पिवळा डाग म्हणजे बुरशी.’

कुत्र्याने मुतलेल्या जागीही गोल डाग पडतो. तो मध्ये जळका असतो आणि भोवती बहुधा गडद हिरवी कड असते. हुमणी लागली असेल तर मुळंच खाल्लेली असतात. मूठभर गवत धरून ओढलं की वरचा थर अलगद सुटून येतो आणि खाली अर्धगोल वळलेल्या पांढरट अळ्या दिसतात. कापणी यंत्राचं पातं बोथट असेल तर शेंडे चिरफाळून पांढरट होतात, पण ते सगळीकडे सारखंच. सांडलेलं पेट्रोल, एका जागी पडलेलं खत, मातीखालचा दगड यांचेही डाग पडतात. यांपैकी कशावरही बुरशीनाशकाचा उपयोग नाही.

बुरशी असेल तर तिची खूण पात्यावर सापडते. डागाच्या मधलं मेलेलं गवत उपटून काही कळत नाही. कडेचं, अर्धवट आजारी पातं बघायचं. डॉलर स्पॉट या रोगात डाग नाण्याएवढे असतात आणि पात्यावर मध्ये निमुळता, डमरूच्या आकाराचा पांढरट पट्टा असतो, त्याला तांबूस-तपकिरी किनार. ब्राउन पॅच या रोगाचा डाग वीतभरापासून मीटरभरापर्यंत पसरतो, पहाटे त्याच्या कडेला धुरकट वलय दिसू शकतं आणि पाती ओढली की बुडाशी सडून हातात येतात. तांबेरा असेल तर चपलेला नारिंगी भुकटी लागते. भुरी सावलीतल्या गवतावर पिठासारखी बसते. पिथियम या रोगात गवत आधी तेलकट, काळपट होतं आणि पाणी वाहतं त्या दिशेने पट्टे पडत जातात.

पाहणी पहाटे, दव असतानाच करावी. बुरशीचे कापसासारखे तंतू ऊन चढलं की दिसेनासे होतात. दवाने भिजलेली कोळ्याची जाळीही लांबून अगदी तशीच दिसते. जाळं पात्यांच्या वर ताणलेलं असतं, तंतू मात्र पात्यांना चिकटून आत गुंतलेले असतात.

‘युरिया टाका.’

या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण तो निम्म्या वेळा बरोबर असतो. डॉलर स्पॉट आणि तांबेरा हे उपाशी गवताचे रोग. नत्र, म्हणजे युरियातून मिळतं ते, कमी पडलं की वाढ मंदावते आणि बुरशीला पात्यावर ठाण मांडायला सवड मिळते. अशा वेळी बेताचं नत्र दिलं तर गवत वाढतं आणि रोगट शेंडे कापणीबरोबर निघून जातात. ब्राउन पॅच आणि पिथियमचं नेमकं उलट. नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत, मऊ होतात. त्यात दिवसाचं तापमान ३० अंशांच्या वर, रात्रीचं २० च्या खाली उतरत नाही आणि हवा दमट, अशा दिवसांत युरिया टाकणं म्हणजे अक्षरशः रोगाला खतपाणी घालणं. कुठला रोग आहे ते कळेपर्यंत खताच्या पोत्याला हात लावू नये, हे माझं ठाम मत.

‘रोज संध्याकाळी थोडं पाणी.’

बुरशीला पातं किती वेळ ओलं राहतं याच्याशी मतलब. संध्याकाळी भिजलेलं गवत रात्रभर ओलंच राहतं, वर पहाटेचं दव. सलग १०-१२ तास ओल मिळाली तर बहुतेक पर्णरोगांचं काम होतं. सूर्योदयाच्या सुमारास पाणी दिलं तर पाती दवाने आधीच ओली असतात, त्यामुळे ओलीचे तास फारसे वाढत नाहीत आणि उन्हाने लगेच सुकतात. रोज शिंपडण्यापेक्षा मधे खाडा देऊन मुळांपर्यंत भिजवावं. गोल्फच्या मैदानांवर सकाळी लांब काठी किंवा दोर फिरवून दव झाडतात. घरच्या लॉनवरही हे बिनखर्चात जमतं.

‘खाण्याचा सोडा फवारा.’

भुरीवर त्याचा थोडाफार परिणाम होतो, पण त्यासाठीही बागायतीत पोटॅशियम बायकार्बोनेट वापरतात, सोडियमचं नव्हे. सोड्यातल्या सोडियमने पाती करपतात, आणि वारंवार वापरलं तर माती घट्ट होऊन पाणी जिरेनासं होतं. बुडाशी सडवणाऱ्या ब्राउन पॅचला त्याने काही होत नाही.

‘अगदी बारीक कापा.’

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. त्याहून खाली गेलात तर गवत अशक्त होतं. हवा खेळवायची असेल तर भोवतालच्या झुडपांच्या फांद्या छाटाव्यात. ओल्या गवतावर यंत्र फिरवलं की पिथियम चाकांबरोबर सगळीकडे पोचतो.

‘कोणतंही बुरशीनाशक चालेल, आठवड्यात पूर्ववत.’

पिथियम ही खरी बुरशीच नाही, तो ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातला जीव आहे. कार्बेन्डाझिम किंवा थायोफनेट-मिथाइल त्याच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल-एएल लागतं. उलट मेटॅलॅक्सिल डॉलर स्पॉटवर वाया जातं. तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारलं तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. डॉलर स्पॉटमध्ये हे थायोफनेट-मिथाइल आणि प्रोपिकोनॅझोल दोन्हींबाबत घडलेलं आहे. औषध बदलायचं म्हणजे डब्यावरचं नाव बदलून भागत नाही, आतल्या घटकाचा गट बदलावा लागतो. लेबलवर तो अनेकदा फ्रॅक क्रमांकाने, म्हणजे बुरशीनाशकांच्या गटांना ठरवून दिलेल्या क्रमांकाने, दिलेला असतो. बुरशीनाशक लॉनसाठी तिथे नोंदलेलं नसेल तर ते घेऊच नये.

आणि आठवड्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. बुरशीनाशक मेलेलं पातं हिरवं करत नाही, ते फक्त नव्या पात्यांचं रक्षण करतं. हरळीसारखं धावत्या खोडांनी पसरणारं गवत उष्ण हंगामात डाग आपोआप भरून काढतं. टॉल फेस्क्यूसारखं ठोंबाने वाढणारं गवत मात्र मेलेली जागा सहसा भरत नाही. तिथे वाळका थर खरवडून नव्याने बी पेरावं लागतं.