आरॉन रॅम्सीवरचा तो विनोद आता पुरे

काल एका ग्रुपवर पुन्हा तोच विनोद आला. वेल्सचा फुटबॉलपटू आरॉन रॅम्सी याने गोल केला की जगात कोणीतरी प्रसिद्ध माणूस मरतो म्हणे. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मला या विनोदाचा मनापासून राग येतो. ज्याने इतकं सोसून पुन्हा गोल केले, त्याच्या गोलांना लोकांनी मरणाशी जोडावं?

27 फेब्रुवारी 2010. त्याचा तेव्हाचा क्लब, लंडनचं आर्सेनल, स्टोकच्या मैदानावर खेळत होतं. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. स्टोकच्या रायन शॉक्रॉसचा टॅकल आला आणि रॅम्सीच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. आपण काय पाहिलं ते सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. शॉक्रॉसही रडत बाहेर गेला. रॅम्सी तेव्हा फक्त 19 वर्षांचा होता. वेल्समधल्या केरफिलीचा मुलगा. सोळाव्या वर्षी कार्डिफ सिटीकडून उतरला, क्लबचा सर्वांत लहान खेळाडू हा जॉन टोशॅकचा विक्रम मोडला. मँचेस्टर युनायटेड मागे लागलेलं असताना त्याने प्रशिक्षक वेंगरचं आर्सेनल निवडलं.

दुखापतीनंतर आधी नॉटिंगहॅम फॉरेस्टला, मग कार्डिफला उसना खेळायला गेला. मार्च 2011 मध्ये वेल्सच्या संघाचा प्रशिक्षक गॅरी स्पीडने त्याला वेल्सचा कर्णधार केलं, वय 20. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पीडचा मृत्यू झाला. या पोराच्या वाट्याला किती लवकर किती काय आलं!

आर्सेनलमध्ये परतल्यावर आपल्याच चाहत्यांनी त्याला खूप बोललं. पास चुकतोय, संथ झालाय, विकून टाका. मग 2013-14 चा हंगाम आला. नोव्हेंबरमध्ये कार्डिफच्या मैदानावर त्याने दोन गोल केले आणि दोन्ही वेळा जल्लोष केला नाही. तिथल्या प्रेक्षकांनी, म्हणजे हरणाऱ्या संघाच्या लोकांनी, उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या लेखी तो त्या हंगामातला सर्वांत मोठा क्षण आहे, ट्रॉफीपेक्षाही. पुढे 26 डिसेंबरला, स्वतःच्या तेविसाव्या वाढदिवशी, मांडीला दुखापत झाली आणि तो एप्रिलपर्यंत बाहेर बसला.

मे 2014, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेची फायनल. हल सिटी आठ मिनिटांतच 2-0 ने पुढे. आर्सेनलने बरोबरी केली, सामना जादा वेळेत गेला. 109 व्या मिनिटाला सहकारी जिरूने टाचेने चेंडू मागे सोडला आणि मधल्या फळीतून धावत आलेल्या रॅम्सीने तो पायाच्या बाहेरच्या बाजूने थेट जाळ्यात मारला. नऊ वर्षांनी ट्रॉफी! पण त्या फटक्याआधीची धाव बघा. बचावपटू चेंडूकडे बघत असताना हा बॉक्समध्ये शिरतो, अगदी वेळेवर. ही त्याची कला होती. 2017 च्या फायनलमध्ये चेल्सीविरुद्धही विजयी गोल त्याचाच.

आणि युरो 2016, युरोपातल्या देशांची स्पर्धा. वेल्सची लोकसंख्या साधारण 31 लाख, 2011 च्या जनगणनेतल्या आपल्या पुणे शहराएवढी. 1958 नंतर पहिलीच मोठी स्पर्धा. सगळे वेल्सचा स्टार गॅरेथ बेलबद्दल बोलत होते, पण बेल्जियमविरुद्धच्या 3-1 विजयात दोन गोल रॅम्सीच्या पासवर झाले. त्याच सामन्यात चेंडू हाताला लागला, स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि उपांत्य सामना हुकला. पोर्तुगालने वेल्सला 2-0 ने हरवलं. पिवळी कार्डं उपांत्यपूर्व फेरीनंतरच पुसायची हा नियम मला आजही क्रूर वाटतो. तो असता तर वेल्स जिंकलं असतं असा माझा दावा नाही. पण त्या सामन्यावर त्याचा हक्क होता.

पुढे तो इटलीच्या युव्हेंटसकडून आणि स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळला. युव्हेंटसबद्दल लोक फक्त पगार सांगतात. रेंजर्सबद्दल सेव्हियातल्या फायनलमधली हुकलेली पेनल्टी. झालं ते झालं. पण नोव्हेंबर 2019 मध्ये हंगेरीविरुद्ध दोन्ही गोल करून वेल्सला पुन्हा युरोत नेणारा तोच होता, हे कोणी सांगत नाही.

2023 मध्ये तो कार्डिफला परतला. एप्रिल 2025 मध्ये क्लब बुडत असताना, तीन सामने उरलेले, त्याने प्रशिक्षकाची जबाबदारी अंगावर घेतली. क्लब तिसऱ्या श्रेणीत गेलाच. जहाज बुडतंय हे दिसत असूनही जो सुकाणू धरायला पुढे येतो, त्याच्यावर तो विनोद निदान माझ्या भिंतीवर तरी टाकू नका. दिसला तर मी डिलीट करणार.