गळती न शोधताच भिंत फोडणारे मिस्त्री

तीन मिस्त्री आले, तिघांनी पैसे घेतले आणि तिघांपैकी एकानेही गळती शोधली नाही, याचा मला मनस्वी संताप आलेला आहे.

मार्चच्या अखेरीस दिवाणखान्याच्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर ओल दिसू लागली आणि आठवडाभरात रंगाचे पोपडे सुटले. पहिल्याने दारातूनच पाहून "काकू, कूलरचे पाणी झिरपत आहे" असे सांगितले. नागपुरात उन्हाळा लागला की ओलीचे खापर कूलरवर फोडणे सर्वांत सोपे असते, पण तो तोवर बसवलेलाही नव्हता, माळ्यावर होता! दुसऱ्याने गच्चीचे वॉटरप्रूफिंग सुचवले. कित्येक आठवडे पावसाचा थेंब नाही, मग गच्चीवरून पाणी कुठून येणार, एवढाही विचार त्याने केला नाही. तिसऱ्याने मात्र थेट छिन्नी-हातोडी काढून न्हाणीघरातील सहा टाइल्स फोडल्या, आत काही सापडले नाही म्हणून पांढरे सिमेंट भरले आणि पूर्ण मजुरी मागितली.

अखेर मीच शोधायला बसले. संध्याकाळी संपाकडे, म्हणजे जमिनीखालच्या टाकीकडे, जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा पाण्याच्या मीटरचे बारीक चक्र हलले नाही, म्हणजे तिथपर्यंतची लाइन शाबूत होती. मग वरची टाकी भरून पंप बंद केला, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली आणि रात्रभर कुणी नळ उघडला नाही. सकाळी पाणी चार बोटे खाली गेले होते. फ्लशच्या टाकीत हळद कालवून अर्धा तास थांबले. भांड्यात पिवळेपणा उतरला नाही, त्यामुळे तिथला वॉशर निर्दोष ठरला. दुसऱ्या रात्री फक्त न्हाणीघराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि रेघ जागची हलली नाही. गीझरकडे जाणाऱ्या भिंतीतल्या जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजला होता आणि तो काढायला एकच टाइल फोडावी लागली.

या सगळ्याला एक खडू, चिमूटभर हळद आणि दोन रात्री लागल्या. ज्यांचा हा धंदाच आहे, त्यांना मीटर पाहावासा वाटत नाही, टाकी पाहावीशी वाटत नाही, कारण शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, फोडण्याचे आणि भरण्याचे मिळतात. 2019 च्या जुलैमध्ये पेंच नदीवरचे तोतलाडोह धरण आटल्यावर याच शहराने एक दिवसाआड पाणी भरले होते. तेच पेंचचे पाणी माझ्या भिंतीत रात्रंदिवस मुरत होते आणि कुणाला त्याचे काहीच वाटत नव्हते.

आता रंगारी म्हणतो की उद्याच पुट्टी लावून टाकू, दोन दिवसांत भिंत नवी दिसेल. भिंतीला हात लावला तर अजून गार लागते. तिचा प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत पुट्टीचा हात फिरवू देणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यावर तोही माझ्यावरच रागावून गेला आहे.