‘वुहान डायरी’ खोटी आहे म्हणणाऱ्यांना उत्तर

२०२० च्या एप्रिलपासून चिनी सोशल मीडियावर एक आरोप फिरतोय. वुहान शहरातल्या कादंबरीकार फांग फांग यांनी कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये इंटरनेटवर जी डायरी लिहिली, तिच्यात म्हणे घरात बसून ऐकीव गोष्टी लिहिल्या, वाईट तेवढंच दाखवलं आणि ते परदेशात विकून शत्रूच्या हातात सुरी दिली. हे वाचलं की मला खरंच राग येतो.

घरात बसून लिहिलं, हो, मग कुठे बसणार होत्या? २३ जानेवारीला शहर बंद झालं, फेब्रुवारीत तर वसाहतींची गेटंही बंद झाली, आणि डायरी त्याच बंद दारांमागच्या जगण्याची आहे ना, मास्क मिळत नाहीत, शेजारी मिळून ग्रुपने भाजी मागवतायत, म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं संपलंय. बाहेरचं त्यांना डॉक्टर मित्रांकडून, ओळखीच्यांकडून फोनवर कळायचं आणि हे अमक्या डॉक्टर मित्राने सांगितलं असं त्या स्पष्ट लिहायच्या. लहानपणापासून वुहानमध्ये राहिलेल्या बाई आहेत, कॉलेजच्या आधी काही वर्षं हमाली केलेल्या, पुढे हूपेइ प्रांताच्या लेखक संघाच्या अध्यक्ष झालेल्या, त्यांना फोन करून खरं सांगणारी माणसं त्या शहरात असणारच.

सगळ्यात जास्त ताणला गेलेला मुद्दा फोटोचा. १३ फेब्रुवारीच्या नोंदीत त्यांनी लिहिलं की स्मशानगृहात जमिनीवर पडलेल्या मोबाईलच्या ढिगाचा फोटो डॉक्टर मित्राने पाठवला, मालक सगळे राख झालेले. फोटो दाखवा नाहीतर खोटं बोललात म्हणून लोक तुटून पडले. फोटो त्यांनी टाकला नव्हता, त्यामुळे या नोंदीवर शंका घ्यायचा हक्क वाचकाला आहे, मला मान्य आहे. पण एका नोंदीवरून साठ नोंदी खोट्या कशा ठरतात?

फक्त वाईट लिहिलं म्हणणाऱ्यांनी डायरी वाचलेलीच नाही. घरात थांबा, सरकारला साथ द्या असं त्या लिहीत होत्या, डॉक्टर, नर्स, स्वयंसेवक यांचं कौतुक पानोपानी आहे.

राहिलं परदेशात विकणं. हे सगळं चिनी भाषेत, रात्री उशिरा, वेइबो आणि वीचॅट या चिनी सोशल मीडियावर सगळ्यांसमोर येत होतं, पोस्ट डिलीट व्हायच्या तरी लाखो चिनी लोक जागून वाचायचे. इंग्रजी पुस्तकाची जाहिरात एप्रिलमध्ये आली, म्हणजे शेवटची नोंद २४ मार्चला लिहून झाल्यावर. प्रकाशकाने आधी उपशीर्षकात वुहानला साथीचं मूळ केंद्र म्हटलं होतं ते चुकलंच, नंतर बदललं. पण त्याचा राग लेखिकेवर काढून काय उपयोग?

खरी टोचणारी गोष्ट वेगळी आहे. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, आटोक्यात आहे, असं जानेवारीत ज्यांनी सांगितलं त्यांना जबाबदार धरा, ही मागणी फांग फांग यांनी सोडली नाही. डॉक्टर ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना सावध केलं तर पोलिसांनी ३ जानेवारीला त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली, ७ फेब्रुवारीला ते कोरोनाने गेले आणि १९ मार्चला पोलिसांनी स्वतः ती समज मागे घेऊन कुटुंबाची माफी मागितली. १७ एप्रिलला वुहान प्रशासनानेच मृतांच्या आकड्यात १,२९० ची भर घालून तो ३,८६९ केला. म्हणजे सुरुवातीला चुकलं होतं, आकडा अपुरा होता हे अधिकृतपणे मान्य झालंय. तरीही डायरी खोटी म्हणायचीच असेल तर तारीख सांगा, त्या दिवशीची नोंद समोर ठेवा आणि त्यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा.