‘दिवे कंपनीचे, लूट शहराची’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचे पंप बदलायला खासगी कंपनीने भांडवल घालायचं आणि वीजबिलातल्या बचतीतून काही वर्षं तिचे पैसे फेडायचे, ही पद्धत म्हणजे शहर गहाण टाकणं. बचतीचा मलिदा कंपनी खाते, बिल कमी होत नाही, त्यापेक्षा पालिकेने कर्ज काढून माल घ्यावा, आणि आपल्याकडे असले प्रयोग टिकत नाहीत. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून मेसेज पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

गहाणाचं आधी. कर्जाचा हप्ता वस्तू बंद पडली तरी भरावाच लागतो. कामगिरीवर बेतलेल्या करारात बचत मोजून सिद्ध झाली तरच कंपनीला पैसे मिळतात, आणि मुदत संपल्यावर दिवे पालिकेचे होतात. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट साधारण १७० वॅट खातो. त्याजागी ७० वॅटचा एलईडी आला आणि तो वर्षाला ४,००० तास जळला, तर एका खांबामागे ४०० युनिट वाचतात. फेड यातून होते, नव्या करातून नाही.

‘मलिदा कंपनी खाते’ हा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. अकोल्याचं उदाहरण घ्या. तिथल्या महापालिकेने २००७ मध्ये याच पद्धतीने ११,५०० हून अधिक पथदिवे बदलून टी-५ ट्यूब, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बारीक ट्यूबलाइट बसवल्या. वीज ५६ टक्के वाचली. करार सहा वर्षांचा, आणि पडताळलेल्या बचतीतला ९५ टक्के वाटा कंपनीचा. गुंतवणूक तर अकरा महिन्यांच्या आतच वसूल होईल इतकी बचत होती. भांडवल आणि देखभाल कंपनीची होती हे मान्य, तरीही हा वाटा मला जास्त वाटतो. पण म्हणून पद्धतच फेकून द्यायची का? बोली कशावर लावायची, हे बदललं पाहिजे. कमीत कमी वाटा आणि कमीत कमी वर्षं मागणाऱ्याला काम द्या. निविदेतला हा एक रकाना शहराचे कोट्यवधी रुपये वाचवू शकतो, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता ‘बिल कमीच झालं नाही’. खरी मेख इथे आहे. रुपयांत बिल पाहून बचत कळत नाही. दर वाढतात, जुळे सोलापूरसारख्या वाढत्या भागांत खांब वाढतात. शिवाय आधी अनेक दिवे बंदच असतात. नवे सगळे लागले की युनिट वाढतात, आणि वाढलेच पाहिजेत, कारण रस्त्यावर उजेड आला. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीची पायाभूत नोंद लागते: खांब किती, चालू किती, किती वॅटचे, रात्री किती तास. फीडर पिलरवर, म्हणजे खांबांना वीज देणाऱ्या रस्त्यावरच्या पेटीवर, मीटर नसेल आणि बचत ‘गृहीत’ धरली असेल, तर करार कागदावरच फायद्यात दिसतो. उलटी फसवणूकही होते. बंद पडलेला दिवा सगळ्यात जास्त वीज वाचवतो! म्हणून युनिटबरोबर रस्त्यावरचा उजेड लक्समध्ये (हे उजेडाचं माप) मोजायचा, आणि ठरल्या मुदतीत दुरुस्त न झालेल्या दिव्याला दंड लावायचा. या दोन अटी नसलेल्या करारावर सही होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पालिकेला कर्ज खासगी कंपनीपेक्षा स्वस्त पडू शकतं, हे बरोबर. पण व्याज म्हणजे सगळा खर्च नव्हे. रोखीने घेतलेला माल सर्वांत कमी दराच्या निविदेने येतो, देखभालीचं वेगळं कंत्राट निघतं, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय तिसरा मार्ग आहेच. चार सरकारी वीज कंपन्यांनी २००९ मध्ये उभी केलेली ईईएसएल ही वीजबचतीची कंपनी देशभराची मागणी एकत्र करून खरेदी करते. २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतला जाणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत तिला ३८ रुपयांना मिळू लागला. अडचण तिच्याही वाट्याला आली: स्थानिक संस्थांनी पैसे थकवले. बचत वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त फेडीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात, वळती केली नाही, तर चांगली कंपनी पुन्हा बोलीला येत नाही आणि उरलेली धोका धरून जास्त दर लावते.

आणि ‘आपल्याकडे टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी मंगळवेढ्याचं नाव ऐकलं नसावं. ऊर्जा दक्षता ब्युरोने कृषिपंपांचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढा उपविभागात घेतला. पाच फीडरवरचे (वीजवाहिन्यांवरचे) सुमारे २,२०० पंप बदलले. शेतकऱ्याला वीज सवलतीत मिळते, मग पंप बदलून त्याच्या खिशात फारसं उरत नाही; वाचतं ते महावितरणचं आणि अनुदान देणाऱ्या सरकारचं. ज्याची बचत, त्याच्याकडून फेड, हे सूत्र इथे आखलं गेलं.

दिव्यांवरून इतकं भांडण होतं, पण उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटर ढकलणाऱ्या पंपांबद्दल कुणी विचारत नाही. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उचलायला आदर्श स्थितीत २७२ युनिट लागतात. पंपसंच ५० टक्के कार्यक्षम असेल तर ५४५, ७५ टक्के असेल तर ३६३. आपल्या पंपगृहांत दर दहा लाख लिटरला किती युनिट जातात, हा आकडा दरमहा सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, अशी मागणी आपापल्या नगरसेवकांकडे करा. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्याखाली ही ओळ जोडावी.